'कम अँड सी' सभासदांना दाखवायचा आहे: आवाज, चौकट, मध्यंतर आणि बाकीचे प्रश्न

शनिवारचा_शो

नमस्कार मंडळी. आमच्या फिल्म सोसायटीने येत्या मोसमात युद्धपट घ्यायचं ठरवलंय. त्यात एलेम क्लिमॉव्ह यांचा 'कम अँड सी' (सोव्हिएत युनियन, १९८५, १४२ मिनिटं) पक्का झालाय. सभागृह ८० खुर्च्यांचं आहे. पडदा १२ फूट रुंद, १६:९ मापाचा. साधा डिजिटल प्रोजेक्टर, पडद्याच्या दोन बाजूंना दोन मोठे स्पीकर आणि छताला चार छोटे. सभासदांमध्ये कॉलेजातली मुलं आहेत तसे निवृत्त शिक्षकही आहेत.

ज्यांनी हा चित्रपट बारकाईने अभ्यासलाय त्यांना विचारायचंय:

हा चित्रपट पाहून झाल्यावर कितीतरी दिवस डोक्यातून जात नाही असं सगळेच म्हणतात. पण मोजायला बसलं तर पडद्यावर रक्तपात इतर युद्धपटांपेक्षा कमीच आहे. मग हे नेमकं घडतं कशाने? आणि ते जे काही आहे, ते आमच्या या साध्या यंत्रणेत बिघडू नये म्हणून काय काळजी घ्यावी? शेवटचा उलट्या चित्रफितीचा भाग बऱ्याच जणांना कळत नाही म्हणतात. त्याबद्दल आधी सांगावं की नाही?

---

बूमवाला

आवाजापासून सुरुवात करतो, कारण या चित्रपटाची निम्मी करामत तिथेच आहे आणि छोट्या सभागृहांत सगळ्यात आधी तीच मार खाते.

बेलारुसच्या जंगलातल्या पार्टिझन (जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या गनिमी सैनिकांच्या) तळावर तोफांचा मारा होतो आणि चित्रपटाचा किशोरवयीन नायक फ्ल्योरा याचे कान बधिर होतात. तिथून पुढे आपल्यालाही त्याच्याच कानांनी ऐकावं लागतं: एक बारीक, सलग शिट्टी आणि तिच्या मागे कुठेतरी पाण्याखालून आल्यासारखी माणसांची बोलणी. बाकीच्या चित्रपटांत ही युक्ती दहा सेकंदांत आटोपते, नायक डोकं झटकतो आणि आवाज पूर्ववत होतो. इथे क्लिमॉव्ह ती सोडतच नाही. त्याच्यासोबतची मुलगी ग्लाशा बोलते ते अर्धवट कळतं. मग ते दोघं फ्ल्योराच्या घरी पोचतात. चुलीतलं सूप अजून गरम आहे, जमिनीवर बाहुल्या ओळीने निजवल्यासारख्या ठेवल्यात आणि माश्यांची भणभण वाढत चाललीय. त्या माश्या कशावर बसल्या असतील याचा अंदाज कानाला आधी येतो, डोळ्याला नंतर.

दुसरी गोष्ट विमानाची. फोके-वुल्फ १८९ हे दुहेरी शेपटीचं जर्मन टेहळणी विमान, रशियन सैनिक त्याला 'रामा' (रशियनमध्ये 'चौकट') म्हणायचे. ते पहिल्या काही मिनिटांतच आभाळात दिसतं आणि पुढे अधूनमधून त्याची घरघर येत राहते. ते स्वतः काहीच करत नाही, नुसतं बघत असतं. पण दोन-तीनदा असं झालं की ती घरघर आली रे आली की प्रेक्षक आपोआप खुर्चीत आखडतो. पुढच्या आठवड्यात रस्त्यावर एखादं दूरचं इंजिन ऐकून जे पोटात गोळा येतं म्हणतात ना, ते इथून येतं.

आता कामाचं.

मूळ ध्वनी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे. रुस्सिको कंपनीच्या जुन्या डीव्हीडीवर ५.१ चं (अनेक स्पीकरांसाठीचं) नवं मिश्रण होतं, ते वापरू नका. मोसफिल्म या रशियन स्टुडिओने जीर्णोद्धार केलेल्या प्रतीवर मोनो मिळतो, तोच घ्या. छताचे चारही स्पीकर बंद करा. ॲम्प्लिफायरवर 'हॉल', 'सराउंड', 'बास बूस्ट' असं जे काही असेल ते काढून टाका. दोन बाजूंच्या स्पीकरांतून मोनो सोडला तर आवाज पडद्याच्या मध्यातून आल्याचा भास फक्त मधल्या खुर्च्यांना होतो. कडेला बसलेल्याला तो जवळच्या भिंतीतून येतो. शक्य असेल तर त्यातला एक स्पीकर पडद्याच्या खाली मधोमध ठेवा आणि दुसरा बंदच ठेवा. ८० खुर्च्यांना एक चांगला स्पीकर पुरतो.

पातळी ठरवताना सुरुवातीचा प्रसंग धरू नका. तिथे म्हातारा पोरांवर ओरडतोय, त्यावर मोजलं तर पुढची कुजबुज बुडेल. जंगलात ग्लाशा आणि फ्ल्योरा यांचं बोलणं लावा, मधल्या रांगेत मोबाइलवरचं ध्वनिमापक ॲप धरा आणि ते ६८ ते ७० डेसिबलच्या आसपास आणा. मग तोफमाऱ्याचे उच्चांक कितीवर जातात ते पाहा. ९० च्या वर फार गेले तर एकूण पातळी दोन डेसिबलने खाली घ्या आणि तिथेच खिळा मारा.

खिळा मारा असं का म्हणतोय? कारण हमखास होणारी चूक इथेच आहे. ती शिट्टी सुरू झाली की ध्वनी सांभाळणाऱ्याला वाटतं माइकची शिट्टी वाजतेय आणि तो झटकन आवाज पाडतो. मग पुढचा सगळा भाग हळू आवाजात जातो आणि त्या बधिरपणाचा जो त्रास व्हायला हवा तो होतच नाही. ऑपरेटरला तो भाग आदल्या दिवशी ऐकवा. स्वस्त स्पीकरांत ती शिट्टी खरोखरच कानात घुसत असेल तर ४ किलोहर्ट्झच्या वर २-३ डेसिबल कमी करा, पण ते आधी, चालू खेळात नाही.

आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्या सभासदांना वैयक्तिक सांगा. त्यांना आपलंच यंत्र वाजतंय असं वाटतं आणि ते अख्खा प्रसंग यंत्राशी झटापट करण्यात घालवतात.

---

चौकटराव

बूमवाल्यांशी सहमत. आता चित्राबद्दल.

हा चित्रपट १.३७:१ मापाचा आहे, म्हणजे जवळजवळ चौकोनी. तुमचा १२ फुटी १६:९ पडदा ६ फूट ९ इंच उंच असणार. त्या उंचीला चित्राची रुंदी होते सुमारे ९ फूट ३ इंच. म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण साडेसोळा इंच काळी पट्टी उरेल. ती उरू द्या. 'पडदा भरत नाही' म्हणून कुणीतरी उत्साही माणूस रिमोटवर 'फुल' दाबतो आणि चेहरे आडवे फुगतात, किंवा 'झूम' दाबतो आणि कपाळं-हनुवट्या कापल्या जातात. या चित्रपटात चेहरा कापणं म्हणजे चित्रपटच कापणं. शक्य असेल तर दोन्ही बाजूंना काळ्या कापडाचे दीड-दीड फुटी पट्टे लावा, कारण डिजिटल प्रोजेक्टरचा 'काळा' राखाडी असतो आणि तो डोळ्याला खुपत राहतो.

चौकट चौकोनी ठेवण्यामागे हेतू आहे. अशा चौकटीत एक चेहरा मधोमध ठेवला की आजूबाजूला पळायला जागाच राहत नाही. त्यातून क्लिमॉव्ह आणि छायालेखक अलेक्सेई रोदिओनॉव्ह माणसांना थेट भिंगात बघायला लावतात. फ्ल्योरा, ग्लाशा, गावातल्या बायका, सगळे आपल्याकडे बघतात. एरवी आपण अंधारात बसून दुसऱ्याचं दुःख 'पाहत' असतो, इथे आपल्याला कुणीतरी पाहतंय. साक्षीदाराला पळवाट ठेवलेली नाही.

स्टेडिकॅमचा (चालत्या माणसाच्या अंगावर बांधलेला, धक्के न जाणवणारा कॅमेरा) वापरही बघण्यासारखा आहे. तो १९८५ च्या मानाने नवाच होता आणि बहुतेक जण तो ऐटीसाठी वापरायचे. इथे कॅमेरा पोराच्या मागे, पुढे, चिखलातून, धुक्यातून असा चालतो की प्रसंग 'रचलेला' वाटत नाही, आपणच वाट चुकून त्यात आल्यासारखं होतं. दलदलीचा प्रसंग नीट पाहा: गळ्यापर्यंत चिखल, दोन पोरं आणि कापाकापी जवळजवळ नाही. कट हा प्रेक्षकाला मिळणारा श्वास असतो. तो इथे रोखून धरलाय.

आता सगळ्यात महत्त्वाचा क्षण. घरातून निघून ते दोघं दलदलीकडे पळतात तेव्हा ग्लाशा एकदा मागे वळून बघते. घराच्या भिंतीमागे गावकऱ्यांच्या प्रेतांचा ढीग. हे दृश्य जेमतेम दोन-तीन सेकंद आहे. फ्ल्योरा बघत नाही. तो 'घरचे बेटावर असतील' म्हणत पळत राहतो. त्या क्षणापासून पुढे कितीतरी वेळ आपल्याला जे माहीत आहे ते त्याला माहीत नसतं, आणि आपण सांगू शकत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच. रक्त दाखवलं तर प्रेक्षक डोळे मिटतो आणि मोकळा होतो. माहिती दिली तर ती त्याला बाळगावी लागते.

म्हणून त्या दोन-तीन सेकंदांत दार उघडून उशिरा आलेल्याला आत सोडू नका. खरं तर खेळ सुरू झाल्यावर कुणालाच सोडू नका.

प्रोजेक्टर 'सिनेमा' मोडवर. 'व्हिव्हिड' नको, ढगाळ बेलारुसी जंगल त्यात कोकणातल्या श्रावणासारखं हिरवंगार दिसतं आणि सगळा कळकट, ओला भाव जातो. मधल्या चौकटी स्वतःच घालून हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय असते ती बंद. रात्री शेतात गाय गोळीबारात सापडते त्या प्रसंगात प्रकाशरेषा सोडणाऱ्या गोळ्या आणि त्यांच्याखालचं काळं शेत दिसायला हवं. दाराखालून येणारा उजेड टेपने बंद केलात तर ते दिसेल.

---

तिरकस

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण, पण थोडं विरजण घालतो.

परिणाम होतो हे मान्य. तो कोणत्या मार्गाने होतो याची चर्चा तुमच्या सभासदांत व्हायला हवी. चित्रपटाचा उत्तरार्ध संयम सोडतो असं माझं मत आहे. जर्मन अधिकाऱ्याच्या खांद्यावर तो मोठ्या डोळ्यांचा पाळीव प्राणी कशाला? गाव जाळताना ध्वनिक्षेपक, हशा, टाळ्या, सगळी जत्रा. दुष्ट माणूस दुष्ट दिसावा याची इतकी सोय केली की प्रेक्षकाला स्वतःपासून अंतर ठेवता येतं. चौकटराव म्हणतात पळवाट नाही. मी म्हणतो, हीच पळवाट: 'ते लोक राक्षस होते.' पूर्वार्धातल्या माश्या आणि बाहुल्या यांच्यापुढे ही जत्रा मला कमी पडते.

दुसरं म्हणजे फ्ल्योराचा चेहरा. सुरकुत्या, पांढरे केस, थरथरते ओठ, आणि कॅमेरा हलतच नाही. फ्ल्योरा साकारणारा अलेक्सेई क्रावचेन्को त्या वेळी जेमतेम किशोरवयात होता, त्याचा हा पहिलाच चित्रपट. एका मुलाच्या चेहऱ्यावर एवढं ओझं टाकणं योग्य का, हाही प्रश्न आहेच. गाईच्या प्रसंगात खऱ्या गोळ्या वापरल्या आणि त्या डोक्यावरून जात होत्या, असं त्याने स्वतः नंतर सांगितलंय. आजच्या कुठल्याही सेटवर हे चालणार नाही, आणि चालू नये.

गाईबद्दल एक व्यावहारिक सूचना. ती गाय पडद्यावर मरते, तिच्या डोळ्याचं अगदी जवळून दृश्य आहे. आपल्याकडच्या प्रेक्षकांत माणसांचे मृत्यू पचवणारे लोक तिथे उठून जातात. आधी सांगा.

---

पानगळ

तिरकस, त्या प्राण्याबद्दल वाद घालणार नाही. तो जास्तच झालाय. जत्रेबद्दल मात्र घालते.

पटकथा क्लिमॉव्ह आणि आलेस आदामोविच यांची. आदामोविच स्वतः किशोरवयात बेलारुसच्या पार्टिझनांत होते. त्यांची 'खातिनची कथा' ही कादंबरी एक आधार. दुसरा आधार जास्त महत्त्वाचा: यान्का ब्रिल आणि व्लादिमिर कालेस्निक यांच्यासोबत त्यांनी जळालेल्या गावांतून वाचलेल्या माणसांच्या साक्षी टेपवर घेतल्या, त्यांचं पुस्तक १९७० च्या दशकात आलं. 'मुलं आत ठेवा आणि खिडकीतून बाहेर या' ही गोठ्यातल्या लोकांना दिलेली ऑफर, बायाबापड्यांना कोंडून पेटवून देणं, जाळणाऱ्यांनी त्या प्रसंगाचे फोटो काढणं, हे पटकथाकाराच्या डोक्यातलं भडक काही नाही. फ्ल्योराच्या डोक्याला पिस्तूल लावून सगळे फोटोसाठी उभे राहतात, तो प्रसंग या दृष्टीने पाहा. असे आठवणीचे फोटो जर्मन सैनिकांनी पूर्व आघाडीवर खरोखरच काढले.

चित्रपटातलं गाव काल्पनिक. त्यामागची खरी घटना एकच नाही, पण खातिन हे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. मिन्स्कच्या उत्तरेचं हे गाव २२ मार्च १९४३ रोजी जाळलं गेलं. १४९ माणसं मेली, त्यांत ७५ मुलं. जाळणाऱ्यांत शुत्समानशाफ्टची ११८ वी बटालियन होती, म्हणजे जर्मनांच्या हाताखालचे, मुख्यतः युक्रेनी भरतीचे पोलीस, आणि सोबत डिर्लेवांगरच्या नाझी एसएस तुकडीची माणसं. तिरकस यांच्या 'ते लोक राक्षस होते' या पळवाटेला चित्रपटाचं उत्तर इथे आहे. पेट्रोल ओतणाऱ्यांत, गर्दी हाकणाऱ्यांत गावकऱ्यांना कळणारी भाषा बोलणारी माणसं आहेत. शेवटी पकडलेल्यांत ते 'आम्ही जर्मन नाही' म्हणून गयावया करतात.

आणि सूड कसा घेतात तेही बघा. फ्ल्योरा पेट्रोलचा डबा आणतो, कैद्यांवर ओततात, आता पेटवणार असं आपल्याला वाटतं, खरं सांगायचं तर हवंही असतं. तेवढ्यात पार्टिझन गोळ्या घालून मोकळे होतात. आगीला आग मिळत नाही. प्रेक्षकाचा साचलेला राग तसाच राहतो. तो घेऊनच लोक घरी जातात. चित्रपट टिकून राहण्याचं हेही एक कारण.

प्रस्तावनेत एक घोळ टाळा. खातिन आणि कातिन या दोन वेगळ्या जागा आहेत. कातिन स्मोलेन्स्कजवळ, तिथे १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी पोलिश अधिकाऱ्यांना मारलं. प्रत्येक चर्चेत कुणीतरी हे दोन्ही एकत्र करतं आणि मग पाऊण तास त्यातच जातो.

आता उलटी चित्रफीत. फ्ल्योराला चिखलात हिटलरची तसबीर सापडते आणि तो तिच्यावर गोळ्या झाडतो. सुरुवातीला ज्या बंदुकीसाठी तो वाळू उपसत होता, ती अख्ख्या चित्रपटात पहिल्यांदा इथे चालते. प्रत्येक गोळीसरशी जुनी बातमीपटातली दृश्यं उलटी धावतात: छळछावण्या, युद्ध, सभा, तिसाचं दशक, त्याआधीचं महायुद्ध आणि शेवटी आईच्या मांडीवरचा बाळ हिटलर. तिथे त्याचं बोट थांबतं. चित्रपटाचं आधीचं नाव 'हिटलरला मारा' असं होतं. ते नाव आणि हा शेवट शेजारी ठेवले की कळतं, मारायचं आहे ते आपल्या आतलंही काहीतरी आहे. सोव्हिएत चित्रपट खात्याने पटकथा कित्येक वर्षं अडवून धरली होती. १९७७ च्या सुमारास थांबलेलं काम विजयाच्या चाळिसाव्या वर्षी, १९८५ मध्ये पडद्यावर आलं आणि मॉस्को महोत्सवात सुवर्ण पारितोषिक मिळालं.

हे आधी सांगू नका. फक्त एवढंच सांगा की शेवटी जुनी बातमीपटं उलटी दिसतील, तो यंत्राचा दोष नाही. नाहीतर कुणीतरी ऑपरेटरच्या खोलीकडे धावेल.

---

शनिवारचा_शो

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन अडचणी राहतात. आमच्याकडे मध्यंतराशिवाय खेळ म्हटलं की कमिटीत कुरकुर होते, ज्येष्ठ मंडळींना अडीच तास बसवत नाही. आणि नंतरची चर्चा: लगेच घ्यावी की पुढच्या भेटीला? प्रत कुठून मिळवायची याबद्दलही कुणी सांगेल का?

---

मागची_रांग

मध्यंतर देऊ नका. बूमवाल्यांनी सांगितलेला तो बधिरपणा आणि चौकटरावांनी सांगितलेलं ते 'आपल्याला माहीत, त्याला नाही' हे दोन्ही चहाच्या कपासोबत विरघळतात. लोक वडा खात 'भारी घेतलाय' म्हणतात आणि परत येऊन नव्याने सुरुवात करतात. ज्येष्ठांसाठी कडेच्या खुर्च्या राखून ठेवा, बाहेर जाऊन यायला हरकत नाही हे आधी सांगा, आणि खेळ ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी सुरू होण्याइतकी तयारी ठेवा. कमिटीने फारच हट्ट धरला तर एकच जागा आहे. निर्वासितांच्या बेटावर फ्ल्योराला सत्य कळतं, आणि तिथून तो इतर पुरुषांबरोबर अन्न शोधायला निघतो. तिथे पाच मिनिटं, दिवे मंद, खाणंपिणं नाही. गाईचा प्रसंग आणि गावाचा प्रसंग यांच्यामध्ये कुठेही तोडू नका.

बेटावरचा तो प्रसंग प्रस्तावना देणाऱ्याने नीट पाहून ठेवावा. तिथे जो जळालेला म्हातारा पडलेला आहे, तो सुरुवातीला पोरांना वाळू उकरू नका म्हणून ओरडणारा. पहिल्या प्रसंगात लोक अजून खुर्च्या सरकवत असतात, त्यामुळे हा धागा निम्म्यांचा सुटतो. पहिल्या फ्रेमपासून शांतता हवी ती यासाठी.

प्रस्तावना तीन मिनिटांच्या वर नको. बेलारुस १९४१ ते १९४४ जर्मनांच्या ताब्यात होता. जंगलांतून पार्टिझन लढत होते आणि त्यांना आसरा दिल्याच्या नावाखाली गावं जाळली जात होती. एवढं पुरे. चित्रपटाच्या शेवटी ६२८ गावं रहिवाशांसकट जाळल्याची पाटी येते. तो आकडा तुम्ही आधी फोडू नका, त्याची जागा तिथेच आहे. सूचना मात्र स्पष्ट द्या: प्राण्याचा मृत्यू, माणसांना जिवंत जाळणं, लैंगिक अत्याचाराचे परिणाम दाखवणारा एक प्रसंग, लांबलेली शिट्टी. १८ च्या खालच्यांना प्रवेश नाही. कुणी अलीकडेच घरात मृत्यू किंवा जळीताची घटना सोसली असेल तर त्यांना खाजगीत फोन करून सांगितलेलं बरं. सूचना दिल्याने परिणाम कमी होतो, हा गैरसमज आहे. नेमकं कधी हे कुणालाच माहीत नसतं.

चर्चेबाबत माझं ठाम मत: त्याच दिवशी घ्या, पण लगेच नको. वीस मिनिटांची सुट्टी, चहा तेव्हा. सुरुवात 'कसं वाटलं?' या प्रश्नाने केली तर शांतता पसरते, मग एखादा बोलका सभासद आजच्या राजकारणावर घसरतो आणि बाकीचे गप्प बसतात. ठोस विचारा. घरात काय काय दिसलं ते सांगा. ग्लाशाने काय पाहिलं? कुणी पाहिलं नाही? गोळ्या कुठे थांबल्या? लोक आधी पाहिलेलं सांगतात, मग वाटलेलं आपोआप येतं. तिरकस यांचा जत्रेचा आक्षेप तिथे नक्की मांडा, त्याने चर्चा पेटते. ज्यांना बोलायचं नाही त्यांना निघू द्या, दारात अडवू नका. हवं तर पुढच्या भेटीत पंधरा मिनिटं पुन्हा ठेवा. या चित्रपटाबद्दल लोकांना खरं बोलायचं असतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी सुचतं.

प्रत: मोसफिल्मचा २०१७ चा जीर्णोद्धार व्हेनिसला जीर्णोद्धारित चित्रपटांच्या विभागात पुरस्कार मिळवून गेला. त्यावर आधारित क्रायटेरियन कंपनीची ब्लू-रे २०२० ची आहे. ती 'ए' विभागाची, आपल्याकडचे प्लेयर 'सी' विभागाचे. म्हणजे तबकडी आदल्या दिवशी आली आणि प्लेयरने ती नाकारली असा प्रसंग ओढवतो. सर्व विभाग चालणारा प्लेयर आधी पाहून ठेवा. आणि तबकडी विकत घेतली म्हणजे सार्वजनिक खेळाचा हक्क मिळाला असं नाही. ती घरी बघण्यासाठी असते. खेळ सभासदांपुरता असला तरी हक्कधारकाकडे लेखी परवानगी मागा आणि उत्तरासाठी दोन महिने धरा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे (आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत विलीन झालेलं) आणि फिल्म सोसायट्यांच्या महासंघाकडेही विचारून ठेवा.

उपशीर्षकं शेवटपर्यंत तपासा. चित्रपटात बेलारुसी, रशियन आणि जर्मन तिन्ही भाषा आहेत. काही फायलींत जर्मन बोलण्याची उपशीर्षकं गायब असतात आणि पकडलेल्या अधिकाऱ्याचं शेवटचं बोलणं नुसतं ओरडणं म्हणून जातं. ते बोलणं कळलंच पाहिजे.

मोसमाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. याला पहिला ठेवू नका. मिखाइल कलातोझोव्हचा 'क्रेन्स आर फ्लाइंग' (१९५७) आधी, मग तार्कोव्हस्कीचा 'इव्हान्स चाइल्डहूड' (१९६२), मग लारिसा शेपित्कोचा 'द असेंट' (१९७७), आणि शेवटी हा. शेपित्को ही क्लिमॉव्हची पत्नी, १९७९ मध्ये मोटार अपघातात गेली. 'द असेंट' हाही बेलारुसच्या पार्टिझनांबद्दलच आहे, पण बर्फात आणि कृष्णधवल. दोन्ही लागोपाठच्या महिन्यांत पाहिले की एकाच भूमीकडे दोन माणसांनी किती वेगळं पाहिलं ते दिसतं. 'कम अँड सी' नंतर क्लिमॉव्हने पुन्हा चित्रपट केला नाही, २००३ मध्ये तो गेला.

---

तिरकस

मागची_रांग, क्रम मान्य. फक्त 'द असेंट' आणि हा लागोपाठ ठेवलात तर तिसऱ्या महिन्याला कोण येणार? मध्ये एक विनोदी चित्रपट टाका. क्लिमॉव्हचाच 'वेलकम, ऑर नो ट्रेसपासिंग' (१९६४) आहे, मुलांच्या उन्हाळी शिबिरावरचा. त्याच माणसाने तोही केलाय हे सभासदांना कळायला हवं.

---

बूमवाला

ही कल्पना झकास.

एक राहिलं होतं. शेवटी मोत्झार्टच्या 'रेक्विएम'मधलं 'लाक्रिमोसा' सुरू होतं, फ्ल्योरा तुकडीत मिसळण्यासाठी धावतो, कॅमेरा झाडांमध्ये शिरतो आणि बाहेर येतो तेव्हा बर्फ पडलेलं असतं. मग कॅमेरा वर आभाळाकडे जातो. दिवे लावणाऱ्याला लेखी सूचना द्या, कारण त्याला चित्रपट पाठ नसतो आणि ६२८ ची पाटी आली की त्याला वाटतं संपलं. पाटीनंतर अजून हे सगळं आहे. संगीत पूर्ण थांबल्यावर तीस सेकंद मोजायचे, मग फक्त मागच्या रांगेचे दिवे, मंद. पंखे आधीपासून एकाच वेगावर ठेवा, मध्येच वाढवले तर त्यांची घरघर विमानात मिसळते. आणि सभागृहाचं घोषणांचं जे ध्वनिमुद्रण खेळ संपल्यावर आपोआप वाजतं, 'कृपया आपल्या वस्तू तपासून घ्या' वगैरे, त्याची वायर त्या दिवशी काढून ठेवा.